मावशीची पैठणी आणि कोलनच्या पुढचा आयडी: पत्त्यातली माहिती पानापर्यंत कशी पोहोचते, त्याचा इतिहास

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बसमध्ये रेंज नसेल किंवा इयरफोन घरी राहिले असतील, तर निवांत वाचा.

सुरुवात माझ्या मावशीपासून करतो. मागच्या दिवाळीच्या आधी तिचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "अरे, ही पैठणी बघ, कशी आहे सांग." खाली लिंक. मी लिंक उघडली, तर समोर दुकानाचं पहिलं पान. सेलची जाहिरात, कुर्ते, चपला, सगळं होतं, पैठणी सोडून. मी फोन केला, "मावशी, कुठली पैठणी? मला तर अख्खं दुकान दिसतंय." ती म्हणाली, "अरे, माझ्या डोळ्यांसमोर आहे ती! जांभळी, मोरांच्या पदराची."

दोघंही खरं बोलत होतो. तिच्या फोनवर पैठणी होती आणि वर पत्ता मात्र दुकानाच्या दारापुरताच होता. तिनं पत्ता कॉपी करून पाठवला, पण "कुठली साडी" ही माहिती त्या पत्त्यात नव्हतीच. ती माहिती तिच्या फोनच्या मेमरीत राहिली.

आजचा विषय हाच. "कुठली साडी", "कुठला विद्यार्थी", "कितवं पान" अशी माहिती पत्त्यातून निघून पडद्यावरच्या नेमक्या तुकड्यापर्यंत कशी जाते? फ्रंट-एंडवाले याला म्हणतात, राउट केलेल्या कंपोनंटला पॅरामीटर देणं. नाव रुक्ष आहे. पण यामागे तीस वर्षांचा इतिहास आहे, भांडणं आहेत, पडलेल्या साईट्स आहेत, आणि लाखो लोकांची उघडी पडलेली कागदपत्रंसुद्धा आहेत.

आधी पत्ता वाचायला शिकू

यूआरएल म्हणजे चाळीचा पत्ता समजा. आधी चाळीचं नाव, म्हणजे डोमेन. मग तिरप्या रेघांमधला रस्ता, म्हणजे पाथ: कुठली इमारत, कितवा मजला, कुठली खोली. मग प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे क्वेरी: "दार उघडल्यावर अमुक विचारा." आणि शेवटी हॅश, म्हणजे # ही खूण, आणि त्यापुढचा भाग, ज्याला फ्रॅगमेंट म्हणतात. खोलीत शिरल्यावर खिडकीजवळच्या कपाटाकडे बघा, अशी ती सूचना.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, कारण पुढची अर्धी गोष्ट तिच्यावर उभी आहे. हॅशच्या पुढचं काहीही सर्व्हरकडे जात नाही. ते ब्राउझर स्वतःकडे ठेवतो.

प्रश्नचिन्हाचा जन्म

१९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला. सुरुवातीचं वेब म्हणजे कागदपत्रं आणि त्यांना जोडणाऱ्या लिंका. पण लगेचच गरज पडली शोधण्याची. त्यासाठी एचटीएमएलमध्ये आयएसइंडेक्स नावाचा एक टॅग होता. तो पानावर शोधाची चौकट आणायचा. तुम्ही दोन शब्द टाकलेत की ब्राउझर त्याच पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावायचा आणि शब्द अधिकच्या चिन्हानं जोडून पाठवायचा. पत्त्यातून पॅरामीटर पाठवण्याची ही अगदी जुनी पद्धत.

१९९३ साली इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात सीजीआय तयार झालं. वेब सर्व्हरनं बाहेरचा प्रोग्राम कसा चालवायचा याचा हा करार. त्यात प्रश्नचिन्हापुढचं सगळं "क्वेरी स्ट्रिंग" नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जशाच्या तसं ठेवलं जायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ते उचलायचं, & या खुणेवर तोडायचं, बरोबरच्या चिन्हावर तोडायचं आणि आपल्याला हवं ते शोधून घ्यायचं. म्हणजे पोस्टमन अख्खी थैली दारात टाकून जाणार, तुमचं पत्र तुम्हीच शोधा.

डिसेंबर १९९४ मध्ये आरएफसी १७३८ हा दस्तऐवज आला आणि यूआरएलचं व्याकरण कागदावर आलं. पण पत्त्यातली माहिती प्रोग्रामच्या हातात *कशी* द्यायची, हे त्यात नव्हतं. तो प्रश्न प्रत्येक पिढीनं आपापल्या परीनं सोडवला. काहींनी भलताच महागात सोडवला.

पीएचपीची सोय आणि तिची किंमत

पीएचपीनं एक भारी सोय केली होती. तिचं नाव रजिस्टर ग्लोबल्स. पत्त्यात "आयडी बरोबर ४२" असं आलं की तुमच्या प्रोग्राममध्ये आयडी नावाचं व्हेरिएबल आपोआप तयार. मागायला नको, तोडायला नको. थैली उघडून पत्रं थेट टेबलावर मांडलेली!

पण ही पत्रं कोण पाठवतंय? पत्ता लिहिणारा कोणीही. समजा प्रोग्राममध्ये "ॲडमिन" नावाचं व्हेरिएबल आहे आणि त्याची सुरुवातीची किंमत ठरवायला प्रोग्रामर विसरला. मग एखाद्यानं पत्त्याला "ॲडमिन बरोबर १" जोडलं की झाला तो ॲडमिन. एप्रिल २००२ मध्ये पीएचपी ४.२ नं ही सोय मुळातूनच बंद ठेवायला सुरुवात केली, आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत ती कायमची काढून टाकली.

हा धडा पुढे लागणार आहे. पत्त्यातली माहिती आपोआप हातात येणं वाईट नाही. पण *कोणती* माहिती घ्यायची हे घेणाऱ्यानं आधी जाहीर केलेलं असावं. न मागता आलेलं पार्सल उघडू नये, हे आपल्याला घरात शिकवतातच की.

कोलन येतो

त्या काळचे पत्ते दिसायला कसे होते आठवतंय? प्रश्नचिन्ह, आयडी, &, कॅटेगरी, &, पान. फोनवर कुणाला सांगायची सोय नाही. १९९६ साली राल्फ एंगेलशाल यांनी अपाचे सर्व्हरसाठी मॉड-रीराइट लिहिलं. बाहेरून सुटसुटीत दिसणारा पत्ता आतल्या आत प्रश्नचिन्हवाल्या पत्त्यात बदलता येऊ लागला. फक्त ते नियम रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये लिहायचे. ज्यांनी लिहिलेत त्यांना विचारा, झोप कशी लागायची.

२००४ साली डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रुबी ऑन रेल्स जगासमोर आणलं. रेल्समध्ये पत्त्याचा साचा लिहायचा असा: कंट्रोलर, ॲक्शन, आयडी, आणि प्रत्येकाच्या आधी कोलन. "साड्या / दाखवा / :आयडी". कोलन म्हणजे "इथे जे येईल त्याला हे नाव द्या." रुबी भाषेत सिम्बॉलच्या आधी कोलन असतोच, त्यामुळे रुबीवाल्यांच्या डोळ्याला तो ओळखीचा होता.

ही खूण इतकी सोपी निघाली की ती रुबीपुरती राहिली नाही. सिनात्रानं ती घेतली, नोडच्या जगात २०१० साली आलेल्या एक्सप्रेसनं घेतली. एक्सप्रेसच्या शैलीतले साचे वाचणारी पाथ-टू-रेगएक्सप नावाची छोटी लायब्ररी पुढे व्ह्यू-राउटरनं वापरली आणि रिॲक्ट राउटरच्या चौथ्या आवृत्तीनंही. आज तुम्ही फ्रंट-एंड शिकताना ":आयडी" लिहिता ना, त्या कोलनची वंशावळ ही अशी सर्व्हरवरून आलेली आहे.

मग पत्ताच हरवला

१ एप्रिल २००४ ला जीमेल आलं. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला "एजॅक्स" हे नाव दिलं. पान पुन्हा लोड न करता आतला मजकूर बदलायचा. लोक हरखून गेले.

पण पान बदलत नाही म्हणजे पत्ताही बदलत नाही. आतमध्ये दहा गोष्टी उघडल्या तरी वर तोच पत्ता. बॅक दाबलं की थेट साईटच्या बाहेर. लिंक पाठवली की समोरच्याला दुकानाचं दार. माझ्या मावशीच्या पैठणीचा घोटाळा इथे जन्माला आला!

यावर उपाय सापडला तो त्या हॅशमध्ये. हॅशपुढचं बदललं तरी पान लोड होत नाही, पण पत्ता मात्र बदलतो आणि ब्राउझरच्या इतिहासात नोंद होते. मग काय, लोकांनी अख्खा पाथच हॅशपुढे कोंबला. मूळ काम होतं "पानातल्या अमुक जागी जा" एवढंच. त्याला लावलं "अमुक साडी दाखव" या कामाला. जुगाड म्हणा, पण चाललं.

अडचण एकच. हॅशपुढचं सर्व्हरला दिसत नाही, मग गूगलच्या क्रॉलरला पान कसं दिसणार? २००९ साली गूगलनं तोडगा सुचवला: हॅशपुढे उद्गारचिन्ह लावा, म्हणजे आम्ही समजून घेऊ. या जोडीला "हॅशबँग" म्हणू लागले. सप्टेंबर २०१० मध्ये ट्विटरनं नवं रूप आणलं आणि सगळे पत्ते हॅशबँगचे झाले.

फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकर या अमेरिकी प्रकाशन समूहानं आपल्या साईट्स याच पद्धतीवर नेल्या. नव्या रूपात आल्यावर एका सोमवारी त्यांच्या जावास्क्रिप्टमध्ये बिघाड झाला आणि समूहाच्या सगळ्या साईट्स बराच वेळ बंद पडल्या. सर्व्हर जिवंत, लेख डेटाबेसमध्ये सुखरूप, पण दाखवणार कोण? पत्त्यातला लेखाचा क्रमांक सर्व्हरपर्यंत पोहोचतच नव्हता. तो वाचणारा एकटा जावास्क्रिप्ट, आणि तोच आजारी.

ट्विटरनं मे २०१२ मध्ये हॅशबँग सोडायचं जाहीर केलं आणि पहिलं काम पुन्हा सर्व्हरवर नेलं. पान दिसायला लागणारा वेळ पाचव्या हिश्शावर आला, असं त्यांच्या इंजिनियरिंग टीमनं तेव्हा सांगितलं. गूगलनंही २०१५ मध्ये आपला तोडगा मागे घेतला.

पुशस्टेट आणि बॅकबोन

दरम्यान ब्राउझरमध्ये खरा उपाय आला होता. एचटीएमएल ५ सोबत हिस्टरी एपीआय आलं आणि त्यातलं पुशस्टेट. पान लोड न करता खराखुरा पाथ बदलता येऊ लागला, हॅशशिवाय. २०१० ते २०११ या काळात क्रोम, सफारी आणि फायरफॉक्समध्ये ते पोहोचलं.

ऑक्टोबर २०१० मध्ये जेरेमी ॲशकेनास यांनी बॅकबोन प्रसिद्ध केलं. त्यात पत्ते सांभाळणारा एक भाग होता. गंमत म्हणजे सुरुवातीला त्याचं नाव "कंट्रोलर" होतं. जुलै २०११ च्या ०.५ आवृत्तीत त्याचं नाव "राउटर" झालं आणि त्याच आवृत्तीत पुशस्टेटची सोय आली. जुन्या ब्राउझरमध्ये तेच पत्ते गुपचूप हॅशवर चालायचे.

बॅकबोनमध्ये पॅरामीटर कसे मिळायचे? साच्यात दोन कोलन असतील, समजा शोधाचा शब्द आणि पानाचा क्रमांक, तर तुमच्या फंक्शनला दोन आर्ग्युमेंट मिळायची. त्याच क्रमानं. बस्स. नावं साच्यात होती, पण हातात पडायचं ते क्रमानं. कोणी साच्यातला क्रम बदलला आणि फंक्शन बदलायला विसरला, तर शोधाच्या शब्दाच्या जागी पानाचा क्रमांक. लग्नाच्या पंगतीत वाढपी बदलला की कधी भातावर भात येतो ना, तसं.

मागून घ्यायचं की हातात मिळायचं?

इथून पुढची दहा-बारा वर्षं फ्रेमवर्कवाले या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. कंपोनंटनं राउटरकडे जाऊन पॅरामीटर मागायचा, की राउटरनं तो कंपोनंटच्या हातात द्यायचा?

अँग्युलरजेएसची १.० आवृत्ती जून २०१२ मध्ये आली. त्याच्या शिकवणीच्या प्रकल्पात फोनची यादी होती आणि पत्त्याचा साचा होता "फोन्स / :फोनआयडी". कंट्रोलरनं रूट-पॅरम्स नावाची वस्तू मागायची आणि त्यातून फोनआयडी काढायचा. क्रमाची भानगड गेली, नावानं मिळू लागलं. पण आता तो कंट्रोलर राउटरला बांधला गेला. तोच फोनचा तपशील एखाद्या पॉपअपमध्ये दाखवायचा म्हटलं, तर पत्त्यात फोनआयडी नाही, म्हणून काही दिसत नाही.

एम्बरनं वेगळी वाट धरली. यहूदा कात्झ आणि टॉम डेल यांच्या एम्बरमध्ये पत्ता ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तिथे पॅरामीटर आधी रूटच्या "मॉडेल" फंक्शनकडे जायचा, ते डेटा आणायचं, आणि पुढे जायचा तो तयार डेटा. म्हणजे "४२" हा आकडा स्वयंपाकघरातच थांबायचा, ताटात यायची ती भाजी.

रिॲक्ट मे २०१३ मध्ये खुलं झालं तेव्हा त्यात राउटर नव्हताच. रायन फ्लॉरेन्स आणि मायकल जॅक्सन (गायक नव्हे!) यांनी २०१४ मध्ये रिॲक्ट राउटर सुरू केला, एम्बरच्या राउटरकडे बघून. त्याच्या आवृत्त्यांचा इतिहास म्हणजे आपल्या प्रश्नाचा इतिहास. सुरुवातीच्या मोठ्या आवृत्त्यांत पॅरामीटर प्रॉप्समध्ये "पॅरम्स" म्हणून यायचे. मार्च २०१७ च्या चौथ्या आवृत्तीत सगळं नव्यानं लिहिलं गेलं आणि ते "मॅच" नावाच्या डब्यात गेले. राउटरनं थेट मांडलेल्या कंपोनंटलाच हा डबा मिळायचा. त्याच्या नातवंडाला हवा असेल तर मधल्या प्रत्येकानं तो पुढे द्यायचा, नाहीतर विथ-राउटर नावाचं वेष्टन गुंडाळायचं. सप्टेंबर २०१९ च्या ५.१ मध्ये यूज-पॅरम्स हा हुक आला. आता कितीही खोल बसलेलं कंपोनंट हात वर करून म्हणू शकतं, "मला आयडी द्या." २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत प्रॉप्समधून देणं बंदच झालं. रिॲक्टचा कौल: मागून घ्या.

व्ह्यूचा कौल उलटा. इव्हान यू यांच्या व्ह्यूमध्येही रूट नावाच्या वस्तूतून पॅरामीटर मागता येतात. पण व्ह्यू-राउटरच्या दुसऱ्या मालिकेत एक छोटी सोय आली: राउटच्या नोंदीत "प्रॉप्स: ट्रू" लिहा. मग ":आयडी" थेट कंपोनंटच्या "आयडी" या प्रॉपमध्ये येतो. कंपोनंटला राउटर आहे की नाही हेही ठाऊक नसतं. कुणीतरी आयडी दिला, मी साडी दाखवली, इतकंच. तेच कंपोनंट मग पॉपअपमध्ये वापरा, टेस्टमध्ये वापरा, कुठेही.

आणि नवा अँग्युलर? त्याची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली. तोवर त्याचा राउटर दोनदा नव्यानं लिहून झाला होता. शेवटी ॲक्टिव्हेटेड-रूट ही वस्तू मागायची आणि तिच्यातून पॅरामीटर घ्यायचे, असं ठरलं. पण ते साध्या किमतीसारखे नाही, ऑब्झर्व्हेबलच्या प्रवाहासारखे. सबस्क्राइब करा आणि वाट बघा. नवशिक्यांनी कपाळावर हात मारला. एक आकडा हवाय, त्यासाठी एवढा सोहळा?

सोहळ्यामागचं कारण

मंडळी, कारण होतं. तुम्ही साडी क्रमांक ७ च्या पानावर आहात. खाली "अशाच आणखी साड्या" मध्ये क्रमांक ८ वर टॅप केलंत. पत्ता ७ वरून ८ झाला. साचा तोच, कंपोनंट तेच. मग फ्रेमवर्क शहाणपणा करतं: जुनं कंपोनंट मोडून नवं कशाला बांधू, आहे तेच ठेवतो. अँग्युलर असो, व्ह्यू असो, रिॲक्ट राउटर असो, सगळीकडे हेच.

आता तुम्ही कंपोनंट तयार होताना एकदाच आयडी वाचला असेल, तर? पत्त्यात ८, पडद्यावर ७. ग्राहक आठव्या साडीचा पत्ता बघून सातवी मागवतो. साडीच्या जागी रुग्णाचा रिपोर्ट ठेवा किंवा बँकेचं खातं. मग ही चूक किती मोठी, ते कळतं.

म्हणून अँग्युलरनं पॅरामीटर प्रवाहासारखा दिला: बदलू शकतो, लक्ष ठेवा. हवं असेल तर "स्नॅपशॉट" घ्या, पण तो फोटो आहे, आरसा नाही. रिॲक्टमध्ये इफेक्टच्या यादीत आयडी लिहावा लागतो. व्ह्यूच्या दस्तऐवजात यासाठी वेगळा भागच आहे. शिकणाऱ्यांच्या हातून सर्वाधिक वेळा सुटणारी गोष्ट मला विचाराल तर हीच.

मे २०२३ मध्ये अँग्युलर १६ आलं आणि विथ-कंपोनंट-इनपुट-बाइंडिंग नावाची सोय घेऊन आलं. ही चालू केली की पाथमधला, क्वेरीमधला पॅरामीटर त्याच नावाच्या इनपुटमध्ये आपोआप येतो आणि बदलला की आपोआप बदलतो. म्हणजे सात वर्षांनी अँग्युलर "हातात द्या" या बाजूला आलं.

ऐकताना वाटेल, ही पीएचपीची जुनी रजिस्टर ग्लोबल्सच परत आली की! तसं नाही. इथे कंपोनंटनं "मला आयडी नावाचं इनपुट आहे" असं आधी लिहिलेलं असतं. फक्त तेवढंच आत येतं. तरी जुना धडा विसरू नका. क्वेरीमधलंही इनपुटमध्ये येतं, म्हणजे पत्ता लिहिणारा कोणीही त्या इनपुटमध्ये हवं ते घालू शकतो. म्हणून पानाच्या कंपोनंटवर "ॲडमिन आहे का" असलं इनपुट ठेवायचं नाही.

आकडा नाही, अक्षरं

आणखी एक खाच. पत्ता म्हणजे अक्षरं. त्यातला ४२ हा आकडा नसतो, "४" आणि "२" ही दोन अक्षरं असतात. जावास्क्रिप्टमध्ये तीन बरोबरची तुलना केली की अक्षरांचा ४२ आणि आकड्याचा ४२ वेगळे निघतात. साडी यादीत असते, तरी "सापडली नाही" असं पान येतं, आणि आपण तासभर डोकं खाजवत बसतो. अँग्युलर १६.१ मध्ये इनपुटवरच आकड्यात रूपांतर करायची सोय आली ती यासाठीच.

अक्षरांवरून आपली मराठी आठवली. पत्त्याच्या प्रमाणात देवनागरीला थेट जागा नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. "पुणे" हा शब्द बघा. प, उकार, ण, मात्रा, अशी चार चिन्हं. पत्त्यात त्याची होतात ३६ अक्षरं! मराठी विकिपीडियाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की कधीकधी टक्क्यांची आगगाडी येते, ती यामुळे. कंपोनंटपर्यंत पोहोचताना राउटर ती उलगडतो आणि तुम्हाला पुन्हा "पुणे" मिळतं. म्हणून पत्ता तयार करताना मराठी शब्द हातानं चिकटवू नका, एन्कोड करणारं फंक्शन वापरा. विशेषतः नावात तिरपी रेघ किंवा प्रश्नचिन्ह असेल तर साच्याचे तुकडेच चुकतात.

पत्ता म्हणजे परवानगी नव्हे

आता सगळ्यात गंभीर भाग. पत्त्यातला आयडी कोणीही बदलू शकतो. तुमचा क्रमांक ७ असेल तर ८ टाइप करायला कोण अडवणार?

जून २०१० मध्ये अमेरिकेत एटी अँड टीच्या साईटवर हेच झालं. आयपॅडच्या सिमचा क्रमांक पत्त्यात द्यायचा आणि साईट त्या ग्राहकाचा ईमेल परत द्यायची. कोणीतरी क्रमांक बदलत गेलं आणि सुमारे १ लाख १४ हजार लोकांचे ईमेल बाहेर आले. मे २०१९ मध्ये फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा देणाऱ्या कंपनीबाबत पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी उघड केलं की लिंकमधला अंक बदलला की दुसऱ्याची कागदपत्रं दिसत होती, लॉगिनशिवाय. अशी सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रं उघडी होती.

यात कुणी कुलूप तोडलं नव्हतं. दारावर खोली नंबर लिहिलेला होता आणि दाराला कडीच नव्हती. राउटर, पॅरामीटर, हुक, इनपुट, हे सगळे पोस्टमन आहेत. पत्र कुठे द्यायचं ते त्यांना कळतं. ते पत्र उघडायचा हक्क कुणाला आहे, हे सर्व्हरनंच तपासायचं. फ्रंट-एंडवर बटण लपवलं म्हणजे दार बंद झालं, असं होत नाही.

आज कुठे आहोत

जुलै २०१९ मध्ये नेक्स्ट.जेएसच्या नवव्या आवृत्तीनं कोलन बाजूला ठेवला. फाइलच्या नावातच चौकोनी कंसात आयडी लिहायचा, की झाला राउट. ऑक्टोबर २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीत तर पॅरम्स ही वस्तू प्रॉमिस झाली, म्हणजे वाचण्याआधी "अवेट" करायचं. आठवतंय ना, अँग्युलरच्या ऑब्झर्व्हेबलला लोक हसले होते? नेक्स्टचं कारण वेगळं आहे: पानाचा जो भाग पॅरामीटरवर अवलंबून नाही, तो आधीच तयार करून ठेवता यावा. पण "पत्त्यातली किंमत लगेच हातात असेलच असं नाही" हा विचार दोन्हीकडे आहे.

म्हणजे १९९३ मध्ये थैली दारात पडायची. मग पत्रं टेबलावर मांडली गेली आणि कुणीही टेबलावर काहीही ठेवू लागलं. मग क्रमानं मिळाली, नावानं मिळाली, मागून घ्यावी लागली, हातात दिली गेली. प्रत्येक फेरीत कुणाचा तरी त्रास कमी झाला आणि कुणाचा तरी नवा सुरू झाला.

तुम्ही स्वतः काही बांधत असाल, तर फ्रेमवर्क कुठलंही असो, माझ्या चार कसोट्या घ्या. पान रिफ्रेश करा, तीच गोष्ट दिसते का? लिंक दुसऱ्या फोनवर उघडा, तीच गोष्ट दिसते का? आतल्या आत ७ वरून ८ वर जा आणि मग बॅक दाबा, पत्ता आणि पडदा जुळतात का? आणि शेवटचं, पत्त्यातला आकडा हातानं बदला: जे तुमचं नाही ते दिसतंय का? पहिल्या तिन्हीचं उत्तर "हो" आणि चौथ्याचं "नाही" आलं, की तुम्ही अर्ध्या वेबच्या पुढे आहात.

पैठणीचं काय झालं? मावशीनं शेवटी स्क्रीनशॉट पाठवला. मी म्हटलं, छान आहे, घे. तिनं दुसऱ्या दिवशी त्या साईटवर जाऊन तासभर शोधली. सापडली नाही. मग गेली आपली लक्ष्मी रोडला, आणि दुकानदाराला तोच स्क्रीनशॉट दाखवला. त्यानं बघितलं, वरच्या फळीवरून गठ्ठा काढला आणि म्हणाला, "ही बघा ताई."

त्या साईटचं एक गिऱ्हाईक गेलं, एका कोलनपायी.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात कुणाची अशी लिंक हरवली असेल, तर त्यांना हा भाग पाठवा. आणि हो, पाठवण्याआधी लिंक एकदा उघडून बघा!